अठरा डबे, उलट क्रमाने

गेल्या वर्षी, फेब्रुवारीच्या सहा तारखेस, सोमवारी, सकाळी सव्वानऊ वाजता, एका दुमजली घराच्या तळमजल्यावर, घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागील बारा फूट लांब व नऊ फूट रुंद खोलीत घड्याळजींनी अठरा क्रमांकाचा डबा उघडला. सदतीस वर्षे त्या डब्याला कोणी हात लावला नव्हता. गंजाने झाकण डब्याशी एकजीव झाले होते. ते उचकटताना घड्याळजींचा अंगठा कापला. तो बांधून त्यांनी काम तसेच पुढे चालू ठेवले, कारण हाताशी दिवस पस्तीसच होते आणि अंगठे दोन होते.

डब्यात मेणकागदात गुंडाळलेली गिअरची चक्रे होती आणि वर शाळकरी अक्षरातील चिठ्ठी : 'शेवटचे. येथून जोडावे.' अक्षर त्यांचेच, पंधराव्या वर्षीचे.

मोटारसायकल त्यांच्या ताईची. दोन सिलिंडरची, खाली झुकलेल्या हँडलची, लाल टाकीची ती शर्यतीच्या घाटणीची गाडी ताईने चोविसाव्या वर्षी घेतली. वापरात नसलेल्या एका धावपट्टीवर दर रविवारी शर्यती होत, आणि ताई त्यांत कधी दुसरी, कधी तिसरी, पण कधीच शेवटची येत नसे. एका रविवारी वळणावर मागचे चाक घसरले. गळपट्टीचे हाड मोडले, हनुवटी फाटली. ताई अकरा दिवस रुग्णालयात होती. ती परतली तेव्हा या खोलीत मोटारसायकल नव्हती. भिंतीला टेकवलेला सांगाडा होता आणि फळीवर ओळीने अठरा डबे. तेव्हा दुकान चालवणाऱ्या बाबांनी हुकूम दिला आणि धाकट्याच्या हातांनी तो पाळला, अशीच घरातल्या सर्वांची समजूत होती. ताई पुढची दोन वर्षे बाबांशी कामापुरतेच बोलली. मग तिने वाहनचालन शिकवण्याची शाळा काढली आणि निम्म्या गावाला दुचाकी-चारचाकी शिकवली. विद्यार्थ्याने काहीही केले तरी तिच्या तोंडून दोनच शब्द निघत : 'पुन्हा' किंवा 'बरोबर'. दुसरा शब्द ऐकायला लोकांना महिनोन्‌महिने लागत.

आता ती एकसष्ट वर्षांची होती. डाव्या खुब्याची शस्त्रक्रिया चौदा मार्चला ठरली होती, आणि त्यानंतर वाकून बसायच्या गाडीचे नावही काढायचे नाही, असे शल्यविशारदाने बजावले होते. ताई त्यावर नुसते "बरं" म्हणाली. पण त्यानंतरच्या रविवारी जेवताजेवता तिने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि विचारले, "छोट्या, ते डबे अजून आहेत का रे?"

त्या एका प्रश्नाने बावन्न वर्षांच्या छोट्याची झोप उडवली. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारावर पाटी लागली : नवीन काम घेणे तूर्त बंद आहे.

पत्नीने आधी टोमणे मारले. स्वयंपाकघरातले भिंतीवरचे घड्याळ सात वर्षे सव्वाचारावर उभे आहे, त्याची पाळी कधी, असे ती येताजाता विचारी. मग पेट्रोलची टाकी न्हाणीघरात आली, तिच्यात मूठभर नट टाकून घड्याळजी ती तासन्‌तास हलवू लागले, आणि तिने टोमणे सोडून टाकीची दुसरी बाजू धरली. गंजाचे तांबडे पाणी आठ वेळा ओतल्यावर नववे पाणी स्वच्छ आले.

ज्या कामात बोटांची नजाकत लागे तेथे घड्याळजींची बरोबरी कोणी केली नसती. कार्ब्युरेटरची केसाएवढी भोके त्यांनी डोळ्याला भिंग लावून घड्याळाच्या सुयांनी साफ केली. प्रत्येक वॉशर दिव्यासमोर धरून पारखला. डबे अठरापासून खाली येत गेले : सतरा, सोळा, बारा, सात. दुसरा डबा रिकामा झाला तो एक मार्चला. पहिला त्यांनी उघडलाच नाही. त्याच्यावर 'प्लग' असे लिहिले होते, आणि इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग आपण नवेच आणले आहेत, असे त्यांनी पत्नीला न विचारताच सांगितले.

चार मार्चला इंजिन सुरू झाले आणि दोन्ही नळ्यांतून निळा धूर निघाला. घड्याळजी शरमले. या इंजिनाला तेल वेगळ्या टाकीतून लागते. एक छोटा पंप ते पेट्रोलबरोबर सिलिंडरमध्ये सोडतो, त्यामुळे थोडा धूर होणारच. परंतु ज्या माणसाने चाळीस वर्षे सुईच्या टोकावर तेलाचा थेंब तोलला, ज्याच्या धंद्यात जादा तेल म्हणजे उघड अडाणीपणा, त्याला तो धूर स्वतःच्या कारागिरीवरचा डाग वाटला. गाडीच्या पुस्तकात पंपावरच्या खुणेच्या दोन रेषा एकमेकींसमोर आणा, असे स्पष्ट लिहिलेले असताना त्यांनी पंपाचा स्क्रू तीन आटे फिरवून तेल कमी केले. धूर गेला. ते समाधानाने जेवले.

पाच मार्चला, रविवारी सकाळी, घरामागच्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडीने खर्र असा आवाज काढला आणि मागचे चाक जागच्या जागी आवळले. घड्याळजी कसेबसे सावरले. इंजिन जाम झाले होते.

ताई काठी टेकत आली तेव्हा सिलिंडर उघडून टेबलावर ठेवला होता. आतल्या भिंतीवर नखाने ओरबाडल्यासारखे उभे ओरखडे होते. तिने बोट फिरवले.

"तेल किती सोडलंस?"

घड्याळजींनी सांगितले. ताईने त्यांच्याकडे असे पाहिले, जणू तिच्या इतक्या वर्षांच्या शिकवणीत पहिल्यांदाच एखाद्या विद्यार्थ्याने सिग्नलला आरसा समजून केस विंचरले असावेत.

"हे मनगटावर बांधायचं आहे का? अरे, ही पिणारी गाडी आहे. हिला पाजायला लागतं." मग ती म्हणाली, "प्लग बघू. कोरडा पडला असेल. जुने कुठायत? शेजारी ठेवून बघते."

नको म्हणायला घड्याळजींनी तोंड उघडले, पण तोवर पहिला डबा तिच्या हातात होता आणि त्याचे झाकण मात्र, वरचेवर उघडल्यासारखे, मुळीच गंजलेले नव्हते. आत प्लग नव्हते. चिठ्ठी होती. ताईने ती हातभर लांब धरून वाचली : 'प्लग, दोन. बाबांना दिले. त्यांनी एवढेच मागितले.'



घड्याळजी उभे राहिले. हे वाक्य त्यांनी मनात इतक्या वेळा घोटले होते, की ते आता अगदी साधे निघाले. "बाबांनी फक्त प्लग काढून आण म्हणून सांगितलं होतं, तू बरी होईपर्यंत. बाकीचं मी केलं. मी वळणावरच उभा होतो, ताई. तुझ्या हेल्मेटमधून रक्त गळताना मी बघितलं. मला वाटलं, प्लग काय, कुणीही आणून बसवेल. म्हणून सगळीच उघडली."

"आणि बाबा?"

"त्यांनी डबे बघितले. म्हणाले, विचारलं तर माझं नाव सांग. तुझं पोरवय आहे, तिचा राग तुला झेपायचा नाही."

ताईने चिठ्ठी पुन्हा डब्यात ठेवली, झाकण दाबून बसवले आणि डबा फळीवर पूर्वीच्या जागी ठेवला. मग काठी उचलून ती निघून गेली. दोन वर्षांचे ते अबोलणे आता कोणाच्या नावे लावायचे, हे तिने सांगितले नाही, आणि घड्याळजींना विचारण्याचा धीर झाला नाही.

ती येईल की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. दिवस आठ उरले होते. पत्नीने एकदाच विचारले, आता कोणासाठी जोडता आहात? घड्याळजी म्हणाले, जिची आहे तिच्यासाठी. बसायचे की नाही हे ती ठरवील, पण ठरवायला गाडी तर हवी.

सोमवारी ते सिलिंडर घेऊन लेथवाल्या मिस्त्रींकडे गेले. पहिला दिवस वादातच गेला. घड्याळजींना पिस्टन सिलिंडरमध्ये हवाही न शिरेल असा बसवून हवा होता. मिस्त्रींनी हात पुसले आणि म्हणाले, "घड्याळजी, हा तापला की फुगतो. तुमच्या घड्याळाला ताप येत नाही, म्हणून तुमचं निभावतं. थोडी जागा सोडायला शिका." चाळीस वर्षांत घड्याळजींनी स्वतःच्या मापाविषयी कोणाचे ऐकले नव्हते. मिस्त्रींचे ऐकले. सिलिंडर खरडून मोठा झाला, मापाचा नवा पिस्टन शुक्रवारी आला, आणि शनिवारी त्यांनी पुन्हा जोडणी सुरू केली. या वेळी तेल सुईने नव्हे, ओंजळीने लावले. पंपाच्या दोन रेषा समोरासमोर आणल्या आणि भिंग लावून तीनदा तपासल्या. रविवारी दुपारी इंजिन सुरू झाले, निळा धूर खोलीभर पसरला, पत्नी खोकत खिडक्या उघडू लागली, आणि घड्याळजी त्या धुराच्या मधोमध उभेच राहिले.

तेरा मार्चला, सोमवारी, सकाळी सात वाजता त्यांनी गाडी ढकलत मागच्या दाराबाहेर काढली. ताई पायरीशी उभी होती. अंगात जुने चामडी जाकीट. त्याची चेन आता पोटावर बसत नव्हती. बगलेत हेल्मेट. तिने काठी भावाच्या हातात दिली, जणू तो खुंटीच आहे, आणि उजव्या पायावर तोल घेत, दात आवळून, डावा पाय सीटवरून पलीकडे टाकला. मदतीला पुढे झालेला हात तिने नजरेनेच मागे सारला.

पहिल्या लाथेला इंजिन सुरू झाले नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला झाले.

ती गेली. घड्याळजी काठी धरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि, ज्याने आयुष्यभर बंद यंत्रांना कान लावला तो माणूस जसा ऐकेल तसे, ऐकत राहिले. दुसरा गिअर. तिसरा. लांबवर आवाज उंच चढला, चौथ्यात गेला आणि पाण्याच्या टाकीपलीकडे विरून गेला. घड्याळ बघायचे नाही असे त्यांनी ठरवले आणि अकरा वेळा बघितले. सतराव्या मिनिटाला आवाज परत आला. त्यात तो खर्र नव्हता.

ताईने गाडी बरोबर त्यांच्या पायांपाशी थांबवली, इंजिन बंद केले आणि हेल्मेट काढले. केस चिकटले होते, चेहरा वेदनेने पांढरा पडला होता. उतरण्याची घाई तिने केली नाही. जाकिटाच्या खिशातून तिने एक चिठ्ठी काढून भावाच्या हातात दिली. ती पहिल्या डब्यातलीच होती. ताईने ती केव्हा काढून नेली, कोणास ठाऊक. खाली ताईच्या अक्षरात एक ओळ वाढली होती : 'प्लग, दोन. परत बसवले.'

घड्याळजींनी ती दोनदा वाचली. मग त्यांनी धीर करून मान वर केली आणि गाडी कशी आहे, असे विचारले.

ताईने काठीसाठी हात पुढे केला.

"मागचा ब्रेक जरा धरतोय, तो सैल कर," ती म्हणाली. "बाकी बरोबर."