पाण्याची ना-हरकत

सुकेशनी नववीत होती. महारुद्र ठेकेदाराने तिच्या बापाची होडी येलदरी धरणाच्या काठावर ओढून आणली आणि डिझेल ओतून पेटवली.

"मासळीचा ठेका माझा हाय. माझ्या इजाजतीबिगर या पाण्यात काडीबी पडायची न्हाई," तो साऱ्या वस्तीसमोर म्हणाला.

तिचा बाप सिद्धोधन हात जोडून उभा होता. मच्छीमारीचा परवाना त्याच्या खिशातच होता, पण तो कुणी बघितला नाही. त्यानंतर तो पाण्यात उतरलाच नाही. परभणीला हमाली करता करता चार वर्षांत संपला. सुकेशनीला त्याच्या मरणापेक्षा ते जोडलेले हात जास्त आठवत.

ती शिकली, इंजिनियर झाली आणि बदली मागून धरणाच्या कार्यालयात आली. लोकांना वाटलं, पोरीला मायजवळ राहायचंय. ते खरंच होतं. पण त्याहून जास्त तिला महारुद्रच्या जवळ राहायचं होतं.

तीन वर्षांनी तो स्वतःच फाईल घेऊन तिच्या टेबलापाशी आला. आता तो पर्यटनात शिरला होता. पाण्यावर उतरणारं विमान जलाशयात आणायचं आणि काठावरच्या जमिनीवर हॉटेल काढायचं, असा त्याचा बेत होता.

"दिल्लीची परवानगी आली, कलेक्टर साहेबांची आली. तुमची सही तेवढी राहिली, मॅडम."

"दिल्लीची परवानगी आभाळापुरती," सुकेशनी म्हणाली. "विमान पाण्याला टेकलं की इथल्या नियमात ती होडीच. आणि इथं होडी कुणाची चालायची, ते हे कार्यालय ठरवतं."

तो हसला. त्याने तिला ओळखलं नव्हतं.

नियम तिने काढलेला नव्हता. विमान उतरायच्या पट्ट्यात ज्यांची जाळी पडतात, त्या प्रत्येक परवानाधारकाची लेखी ना-हरकत लागते, असं त्यात साफ लिहिलेलं होतं. अशी माणसं सव्वीस होती. आजवर असली कलमं साहेब लोक नजरेआड करत. तिने तसं पत्र काढलं, महारुद्रच्या माणसाची पोच घेतली आणि गप्प बसली. तो पत्र वाचणार नाही, सही वरच्या साहेबांकडूनच करून आणू म्हणेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तीन आठवडे ती रोज त्याने काठावर घातलेल्या उद्घाटनाच्या मांडवावरून जायची. खुर्च्या आल्या, कमान उभी राहिली.

उद्घाटनाच्या आठवड्यात वरचे साहेब रजेवर गेले आणि पदभार तिच्याकडे आला; आता तिला डावलून सही करणारं कुणी नव्हतं.

त्या सकाळी मांडवात पुढारी बसले होते, बँड वाजत होता. विमान पूर्णा नदीच्या बाजूने घरघरत आलं. विमान कंपनीचा माणूस नागेश धावत तिच्यापाशी आला.

"मॅडम, पाण्याचा कागद? पायलट विचारायलाय."

"ना-हरकती आल्या न्हाईत. कागद न्हाई."

"मग तो उतरणार नाही."

"नकोच उतरू देऊ."

विमानाने दोन घिरट्या घातल्या आणि ते नांदेडकडे वळलं. बँड मध्येच थांबला. पुढारी उठून गाडीत बसले. महारुद्र तिच्यासमोर आला. हातातला हार त्याने अजून सोडला नव्हता.

"काय पायजे तुमाला?"

"सव्वीस दस्तखती. दारोदार जाऊन आणा. दुसऱ्याला पाठवायचं न्हाई, अर्जदारानं स्वतः जायचं."

ही शेवटची अट नियमात नव्हती. ती तिची होती.

तो गेला. यादीतल्या बन्सीधरने दार उघडलं नाही. रंगनाथने कुत्रं सोडलं. बारा घरं फिरून तो सुकेशनीच्या मायच्या, सुलाबाईच्या अंगणात आला. सिद्धोधनचा परवाना आता तिच्या नावावर होता. सुकेशनी आत पडवीत बसून ऐकत होती. मायने त्याला बस म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही.

"दस्तखत करते," सुलाबाई म्हणाली. "माझ्या मालकाचं नाव सांगा."

महारुद्रने हातातली यादी वरखाली केली. "तुमचं नाव हाय हितं. त्यांचं... ध्यानात न्हाई, बाई."

"होडी जाळली तवा तर नाव घेऊन आईमाईवरून शिव्या दिल्या हुत्या."

मग त्याची नजर पडवीत गेली. सुकेशनी तशीच बसून राहिली, तिने नजर वळवली नाही.

"मॅडम तुमच्या कोण?"

"माझी अन् सिद्धोधनची लेक."

त्याने यादीची घडी केली आणि उरलेल्या घरांकडे न जाता तो गाडीत बसला. विमान पुन्हा आलं नाही. कंपनी दुसरीकडे गेली आणि काठावरची जमीन त्याला विकायला काढावी लागली. पण पुढाऱ्यांपर्यंत त्याचा हात पोचत होता. दोन महिन्यांत सुकेशनीच्या बदलीचा हुकूम निघाला, थेट गडचिरोलीला.

"पस्तावा व्हायलाय का?" ट्रंक भरताना मायने विचारलं.

"न्हाई. राग अजून तसाच हाय, माय. वाटलं हुतं, जाईल."

"माझा कुठं गेलाय," सुलाबाई म्हणाली आणि वाटेसाठी भाकरी थापायला बसली.