शेवटचा कप्पा

यंत्राने रामजीचं कार्ड तिसऱ्यांदा शेवटच्या कप्प्यात टाकलं, तेव्हा दत्ताराम चक्रावला. रामजी म्हणजे त्याचा बाप.

दत्ताराम ते यंत्र चालवायचा. गिरगावातल्या त्या कचेरीत गिरणी कामगारांच्या नव्या खोल्यांसाठी आलेले अर्ज भोकं पाडलेल्या कार्डांवर उतरवत. जातीच्या रकान्यात ज्या आकड्यावर भोक, त्या आकड्याच्या कप्प्यात यंत्र कार्ड टाकणार. भोकच नसेल तर शेवटच्या. तिथं चुकलेली कार्डं जात, आणि ती सोडतीत धरत नसत. कप्पे आधी ठरलेले, माणसं मागून येणार; यंत्राला त्याचं काय?

पण हे कार्ड चुकलेलं नव्हतं. भोकं पाडणाऱ्या लतिकाने सांगितलं, अर्जात बौद्ध लिहिलंय, त्याला आपल्याकडे आकडाच नाही, म्हणून रकाना कोरा सोडला.

मुख्य कारकून गंगाधरपंत भला माणूस. छातीवर संयुक्त महाराष्ट्र समितीचा बिल्ला लावून मोर्च्याला जायचे आणि नकाशात नसलेलं महाराष्ट्र राज्य पत्त्यात बिनधास्त लिहायचे. त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. शेवटी हळूच म्हणाले, "जुन्या जातीचं भोक पाडून टाक. खोली मिळाल्याशी कारण. यंत्राला काय कळतंय?"

यंत्राला नसतं कळलं, पण बापाला कळलं असतं.

लोअर परळच्या खोलीत दत्तारामच्या बायकोचे, चंपाचे, दिवस भरत आले होते. पाळणा टांगायला जागा नव्हती. रात्री जेवताना त्याने बापाला सगळं सांगितलं. गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेला रामजी बराच वेळ हात धुवायला उठलाच नाही.

"परत फिरायला काय मी गेलो होतो तिथं?" तो म्हणाला. मग चंपाकडे बघून त्याचा आवाज उतरला. "पण पोर कुठं निजवणार रे? मला पण कळत नाय. तूच काय ते कर."

दत्तारामला राग आला. कोणाचा, ते समजेना.

सकाळी तो कार्ड समोर घेऊन बसला. भोक पाडलं की बाप एका कप्प्यात नीट बसणार होता. नाही पाडलं तर कुठेच नाही. दोन्ही त्याला चूकच वाटत होतं. तेवढ्यात परळ-चिंचपोकळीच्या चाळींमधल्या कार्डांचा मोठा गठ्ठा आला. त्याने रामजीचं कार्ड तसंच त्यात सरकवलं आणि यंत्र चालू केलं.

थोड्या वेळाने ते आपोआप थांबलं. कुठलाही कप्पा भरला की ते थांबायचं.

गंगाधरपंत उठून आले. "काय अडकलं रे?"

"अडकलं नाय, साहेब. शेवटचा कप्पा भरलाय."

असं आजवर झालं नव्हतं. कार्डामागून कार्ड, जातीचा रकाना रामजीच्या कार्डासारखाच कोरा. दत्तारामने तो गठ्ठा दोन्ही हातांनी बाहेर काढला, टेबलावर ठोकून कडा सारख्या केल्या, आणि तो कुठे ठेवायचा ते बघत उभा राहिला.