न वाचलेला पाठ

भिंगरी माझी मुलगी. हे काही तिचं खरं नाव नाही, पण घरात कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ती वळून मागे कोण आलंय ते बघते. एका जागी न ठरणारी, झोपेतही बडबडणारी ही मुलगी शाळेत कोऱ्या कागदासमोर मात्र दगड होऊन बसायची. अक्षरं येत होती, वाचन तर भराभर, पण ‘यावर पाच वाक्यं लिहा’ म्हटलं की तास संपेपर्यंत कागद कोरा. शेवटी शाळेने सुचवलं की तिला दोन इयत्ता मागे बसवावं.

तेव्हा माझी आई नुकतीच निवृत्त झाली होती. ती आमच्याकडेच राहायची. म्हणाली, “द्या तिला माझ्याकडे. मला तरी आता कोण विचारतंय?”

शिक्षण कार्यालयाने घरी शिकवायला परवानगी दिली, पण अट घातली. दरवर्षी एक तपासनीस घरी येणार, एक उतारा देणार, आणि मुलीने तो वाचून आपल्या शब्दांत लिहून दाखवायचा. जमलं तर पुढचं वर्ष घरी. नाही जमलं तर शाळा, आणि तीही दोन इयत्ता खालची.

आईने लेखनाचा एक तयार अभ्यासक्रम मागवला. जाड पुठ्ठ्याची पेटी आली. तिच्यात उताऱ्यांची पुस्तकं आणि शिकवणाऱ्यासाठी एक मार्गदर्शिका. प्रत्येक पाठाच्या पायऱ्या ठरलेल्या: मुलाने उतारा वाचायचा, पुस्तक मिटून तो तोंडी सांगायचा, सांगितलेल्यातले महत्त्वाचे शब्द कागदाच्या कडेला उतरवायचे, आणि मग त्या शब्दांच्या आधाराने लिहायचं. एकही पायरी गाळायची नाही, असं जाड अक्षरांत. मी पुस्तकांचं संपादन करते. दुसऱ्यांची वाकडी वाक्यं सरळ करण्यावर माझं पोट आहे. ती पेटी बघून माझ्या कपाळाला आठ्या पडल्या.

“आई, असं जिना चढल्यासारखं लिहून कुणी लेखक झालंय का?”

“लेखक करायचंय कुणाला? घरात एक शहाणी आहे तेवढी पुरे,” आई म्हणाली. “मला हिला चार वाक्यं लिहिती करायचीय.”

आईची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, तक्रारीच्या खिडकीमागे गेली. माणसं यायची आणि ‘नळ बिघडलाय’ एवढंच म्हणून तिच्याकडे बघत उभी राहायची. त्यावर तिचं एक ठरलेलं वाक्य होतं: “मला इथून तुमचा नळ दिसत नाही. पहिल्यापासून सांगा.” नियमांची पक्की बाई. कागदावर शिक्का दोन बोटं खाली पडला तरी तिला चैन पडत नसे. अशा माणसाला पायऱ्यांचा अभ्यासक्रम म्हणजे पाण्यात मासा सोडल्यासारखंच.

आणि भिंगरी खरंच लिहू लागली. आधी तुटकी वाक्यं, मग परिच्छेद. मी दिवसभर प्रकाशनाच्या कचेरीत असायचे. संध्याकाळी कागद माझ्यासमोर यायचे. वर्षाची तपासणी सहज पार पडली. हे घडतं कसं, हे मात्र मी कधी विचारलं नाही. वर आलेलं पीक दिसत होतं, पेरणी कशी झाली याची चौकशी कोण करतो?

आई हिवाळ्यात गेली. छातीत दुखतंय म्हणाली, स्वतःच्या पायांनी दवाखान्याच्या पायऱ्या चढली, आणि संध्याकाळी आम्ही तिची चप्पल घेऊन घरी आलो. एवढंच लिहिते.

काही आठवड्यांनी मी कचेरीतून घरी काम करायची सवलत मिळवली आणि पेटी उघडली. मी आईच्या तोडीस तोड तयारी करायची ठरवलं. मार्गदर्शिका पहिल्या पानापासून वाचली. ‘शिकवणाऱ्याने उतारा आधी काळजीपूर्वक वाचून ठेवावा’ असं तिथे होतं. मी तो इतका काळजीपूर्वक वाचायचे की लेखकाच्या दोन-तीन चुकाही काढून ठेवायचे. मग टेबलाशी समोरासमोर बसायचो.

पहिला पाठ बीव्हर नावाच्या प्राण्याचा होता. तो झाडं कुरतडून नदीवर बांध घालतो. भिंगरीने वाचला, पुस्तक मिटलं.

“सांग बघू, काय होतं?”

“तू वाचलंयस ना?”

“हो, वाचलंय.”

“मग झालं तर.”

“झालं काय? सांग ना. तो राहतो कुठे?”

“पाण्यात,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

“पाण्यात, बरोबर. आणि झाडं पाडतो कशाने? दा...”

“...तांनी.”

“आणि त्या लाकडांचं काय करतो? बां...”

अशा रीतीने मी अख्खा उतारा सांगितला आणि तिने मान डोलावली. पाठ उत्तम झाला, फक्त तो माझा झाला. लिहायची वेळ आली तेव्हा कागद कोरा राहिला. दुसऱ्या दिवशी तेच. त्या आठवड्यात तेच, पुढच्याही. शाळेतला तो दगड माझ्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसला होता.

मला वाटलं, आजीचं दुःख आहे. माझंही होतं, त्यामुळे ते कारण मला पटकन पटलं. मी तिला जवळ घेतलं, विचारलं, “आजीची आठवण येते का?” ती म्हणाली, “येते. पण आत्ता नाही.”

नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान आहे. एकदा दुपारी तो जेवायला आला असताना त्याने आमचा पाठ ऐकला. पाणी पिता पिता म्हणाला, “अगं, तिचं वाक्य जन्माला यायच्या आधीच तू त्याला चष्मा लावतेस.”

“मग तू घे पाठ.”

“मी? मला दुकानाच्या पाटीवर दोन ओळी लिहायला तू लागलीस.”

त्याच सुमारास कार्यालयाच्या पत्राने कळलं की पुढच्या महिन्यात तपासनीस येणार. मी वाचून भिंगरीला सांगितलं. तिने विचारलं, “मी खालच्या वर्गात गेले तर बाक केवढा असतो?” मी म्हटलं, बाक सगळे सारखेच असतात. “नसतात,” ती म्हणाली. “मी बघितलेत. गुडघे वर येतात.”

तेवढंच बोलली.

मग एक दिवस असा आला की माझी तयारी झाली नाही. एका जाड पुस्तकाची मुद्रितं छापखान्यात परत जायची होती, लेखक दर थोड्या वेळाने फोन करून स्वल्पविराम हलवत होता. भिंगरी पाठाचं पुस्तक घेऊन दाराशी उभी.

“बस, वाच आणि सांग,” मी कागदांतून मान वर न काढता म्हटलं. “मी आज काही वाचलेलं नाही.”

“खरंच?”

“खरंच गं. वेळ कुठे मिळाला?”

“अजिबात नाही? चित्र पण नाही बघितलंस?”

“चित्र आहे का त्यात?”

ती आत आली. वाचायला तिला जेवढा वेळ लागला तेवढ्यात लेखकाचा आणखी एक फोन येऊन गेला. मग पुस्तक मिटल्याचा आवाज झाला, आणि मग माझ्या पाठीमागे येरझाऱ्या सुरू झाल्या.

“हे बघ, मुंग्या असतात. खूप. त्या चाललेल्या असतात आणि मध्येच खड्डा येतो. तर पहिली मुंगी काय करते, काठाला धरून लोंबकळते. मग दुसरी तिला धरते. मग तिसरी. असा पूल होतो! मुंग्यांचाच! आणि बाकीच्या वरून जातात.”

मी मुद्रितं खाली ठेवली. “थांब. वरून जातात म्हणजे? अंगावरून?”

“अंगावरूनच!”

“आणि खालच्या मुंग्यांना काही वाटत नाही?”

“ते लिहिलेलं नाहीये. मला वाटतं, एखादी म्हणत असेल, अगं जरा लवकर चल की बाई.”

“आणि सगळ्या गेल्यावर पुलाचं काय होतं?”

“तेच तर सांगतेय ना! मध्ये मध्ये बोलू नकोस.”

सांगून झाल्यावर ती माझ्याच टेबलाच्या कोपऱ्यावर बसली. कागदाच्या कडेला शब्द उतरवले: खड्डा, लोंबकळणे, पूल, अंगावरून. आणि लिहू लागली. कागद माझ्याकडे सरकवत ती म्हणाली, “आजीसुद्धा वाचायची नाही.”

“कधीच?”

“कधीच नाही. मटार सोलत बसायची. म्हणायची, मला इथून तुझा नळ दिसत नाही, पहिल्यापासून सांग.”

“हे मला आधी का नाही सांगितलंस?”

“तू रोज वाचूनच यायचीस,” ती म्हणाली, जणू यात सांगण्यासारखं काय आहे. “तुला माहीत असलेलंच तुला कशाला सांगायचं?”

इतकी नियमांची पक्की आई, सगळ्या पायऱ्या डोळ्यांत तेल घालून पाळायची आणि एक नियम रोज मोडायची. एवढी वर्षं खिडकीमागे बसून तिला ठाऊक झालं होतं की समोरच्याला खरोखर माहीत नसेल तरच माणूस नीट सांगतो. मला हे कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. मी त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि थोडा वेळ तशीच उभी राहिले.

त्यानंतर मी पाठ वाचणं बंद केलं. हे सोपं नव्हतं. छापलेला कागद हाताशी असून न वाचणं म्हणजे मांजराने दुधाकडे पाठ करून बसण्यासारखं. भिंगरी मात्र लिहीत सुटली. पण आता मला नवी काळजी लागली. उतारा तपासनीस आणणार. म्हणजे तपासनिसाने तो वाचलेलाच असणार.

“मग त्यांनाच विनंती कर, ‘मी वाचलेला नाही’ असं भिंगरीला सांगा म्हणून,” नवरा म्हणाला.

“खोटं बोला म्हणू? तपासनिसांना?”

“बरं, राहिलं.”

त्या आल्या तेव्हा सकाळचं ऊन खोलीत टेबलापर्यंत आलं होतं. पिकल्या केसांच्या, सर्दीने बेजार झालेल्या बाई. रुमालात शिंकत म्हणाल्या, “आईने बाहेर थांबायचं. नियम आहे. आणि उतारा तुम्हाला दाखवता येणार नाही.” मी शेजारच्या खोलीत गेले. दार लोटलेलं होतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

बराच वेळ पानांचा आवाज. मग भिंगरी: “वाचलं.”

“छान. आता लिही हं, तुझ्या शब्दांत.”

“काकू, तुम्ही हे वाचलंय का?”

“अगं, या आठवड्यात घरोघरी हेच वाचतेय मी. झोपेत म्हणून दाखवीन.”

मला टेबलाशी बसलेला दगड दाराआडून दिसत होता.

“मग तुम्हाला सांगून काय उपयोग?” भिंगरी म्हणाली.

माझा हात कडीवर गेला. आत जाऊन काय म्हणणार होते, मलाच माहीत नव्हतं. बाई शिंकल्या. मग म्हणाल्या, “हे मात्र खरं. मला काही उपयोग नाही.”

“मम्माने वाचलंय?”

“नाही. तिला दाखवायचं नाही असं आत्ताच सांगितलं ना मी.”

“आणि माझं लिहून झाल्यावर?”

“तुझं लिहिलेलं बघू दे की. त्याला कोण अडवतंय?”

“मग आधी तिला द्यायचं. तुम्ही नंतर.”

खुर्ची सरकली. मग येरझाऱ्या, आणि त्यांच्याबरोबर पुटपुटणं. कुणाला तरी काहीतरी सांगितलं जात होतं, अगदी हलक्या आवाजात. मी कडी सोडली आणि भिंतीला टेकून खाली बसले. पुटपुटणं थांबल्यावर पेन्सिलीचा आवाज सुरू झाला. तो मध्ये थांबायचा तेव्हा माझंही सगळं थांबायचं; मग तो परत सुरू व्हायचा.

दार उघडलं. बाई कागद घेऊन उभ्या होत्या. माझ्यासारख्या बाईला जमिनीवर बसलेलं बघून त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. “आधी तुम्ही,” त्या म्हणाल्या. “मला बजावून सांगितलंय.”

मी वाचलं.

*गावाचं मोठं घड्याळ मागे पडायला लागलं. म्हणून घड्याळजी वर चढला. तिथे चाकांमध्ये एका चिमणीचं घरटं होतं आणि त्यात पिल्लं होती. चाक नीट फिरलं असतं तर पिल्लं मेली असती. म्हणून त्याने घड्याळ बंद केलं आणि खाली येऊन सांगितलं की दुरुस्ती चालू आहे. पिल्लं उडून जाईपर्यंत तो रोज वर जाऊन नुसता बसायचा. गावाला सगळीकडे उशीर झाला, पण कोणी कोणाला रागावलं नाही, कारण सगळ्यांनाच उशीर झाला होता.*

मला ती गोष्ट खरोखरच माहीत नव्हती. आता माहीत झाली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी कागद बाईंना दिला. त्यांनी वाचला, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा वाचला.

“शेवटचं वाक्य उताऱ्यात नाही,” त्या म्हणाल्या.

त्यांनी पेन काढलं.

“असायला हवं होतं,” असं म्हणून त्यांनी सही केली. मग आपल्या कागदांतून मागच्या वर्षीचं पान काढलं. “शिकवणाऱ्या आजी म्हणून नोंद आहे इथे. त्या आहेत का घरात?”

“ती हिवाळ्यात गेली,” मी म्हटलं. न अडखळता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

“मग यंदा शिकवलं कुणी? तुम्ही?”

“काकू, हिने नाही,” आतून भिंगरी ओरडली. “हिला काही माहीत नसतं. मीच सांगते.”

बाई हसता हसता शिंकल्या. त्यांनी चहा घेतला, आल्याचा दुसरा कपही घेतला, पुढच्या वर्षाची परवानगी टेबलावर ठेवली आणि गेल्या.

दुकानातून नवऱ्याचा फोन आला. “काय झालं? लवकर सांग.”

“मी नाही सांगणार,” मी म्हटलं, आणि फोन भिंगरीच्या हातात दिला.

ती बोलत बोलत घरभर फिरू लागली. मी आईच्या खोलीत गेले. त्या पलंगावर मी ती गेल्यापासून बसलेही नव्हते. आडवी झाले, नुसती पाठ टेकायला म्हणून. पलीकडून भिंगरीचा आवाज येत होता: “नाही बाबा, आधी चिमणी नाही. आधी घड्याळ. तुम्ही ऐकताय ना?”

मला जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं आणि अंगावर कुणीतरी चादर टाकली होती.