प्रार्थनेचा विषय

प्रभुभोजनाच्या पोळ्या माझ्या घरी होतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी, बिनमिठाच्या. मग सुरीने पेराएवढे तुकडे करायचे, येशूच्या आठवणीने सगळ्यांनी एकाच ताटातून घ्यायला. उदगीरच्या आमच्या चर्चमध्ये बारा वर्षं हे काम माझ्याकडे आहे. पण गेले दोन महिने मी ताट पोहोचवून मागच्या दाराने घरी येत होते. जिचं तोंड पाहवत नाही, तिच्याशेजारी बसून तो तुकडा कसा घ्यायचा?

ती म्हणजे कस्तुराबाई, माझी मैत्रीण. निदान मी तसं समजत होते. माझी दिपाली नर्सिंग अर्धवट सोडून आली, महिनाभर खोलीबाहेर पडेना, तेव्हा लातूरला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे तिचं औषध सुरू केलं. हे मी एकट्या कस्तुराबाईला सांगितलं. पोरगी बरी झाली, नांदेडच्या मुलाशी लग्न जमलं. मुलाला तिने स्वतःच सगळं सांगितलं होतं. घरच्यांना तो सावकाश सांगणार होता. त्याआधीच बायकांच्या सभेत कस्तुराबाई उठली, डोळे मिटले आणि म्हणाली, "आपल्या दिपालीच्या डोक्याच्या आजारासाठी प्रार्थना करू." मुलाची आत्या पुढच्याच सतरंजीवर होती. आठ दिवसांत नांदेडहून नकार आला.

जाब विचारला तर म्हणते, "अगं, मी वाईट काय केलं? प्रार्थनाच तर मागत होते." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिने मला शिवी दिली असती तर परवडलं असतं. देवाला पुढे करून तिने माझ्या लेकीला चव्हाट्यावर आणलं होतं.

प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे तयारीची उपासना असते. उद्या प्रभूच्या मेजाजवळ यायचं तर आज मन साफ करा, ज्याच्याशी वाकडं आहे त्याच्याकडे उठून जा, असं पाळकसाहेब सांगतात. मग सगळे शेजारच्याशीच हात मिळवून मोकळे होतात. नवरा-बायको तर हमखास एकमेकांशी. या शनिवारी मी गेले ती पाळकसाहेबांना सांगायला, की पोळ्यांचं काम आता दुसऱ्या कुणाला द्या.

मागच्या बाकावर सिद्धम्मा होती. देगलूरकडची म्हातारी, फार न बोलणारी. तिच्याजवळ बसले आणि सगळं ओकले. "कस्तुराबाईला मी माफ करणार न्हाई," मी म्हणाले. "विश्वासानं सांगितलं होतं मी."

सिद्धम्माने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी बी तुला इश्वासानंच सांगितलं होतं, माय. माझा लेक मन्मथ पितो म्हणून."

आधी मला आठवेचना. मग आठवलं. तीन वर्षांपूर्वी, याच चर्चमध्ये उभं राहून, मन्मथचं नाव घेऊन मी त्याच्या दारूसाठी प्रार्थना मागितली होती. तो दाराशीच बसला होता. त्यानंतर तो कधी आला नाही. दारूमुळेच येत नसेल, असं मी खुशाल धरून चालले होते.

"मग बोलली का न्हाईस मला?"

"काय बोलू? पहिल्या महिन्याला तुझ्या हातचा तुकडा गिळवला न्हाई. पदरात बांधून घरी नेला. मग देवाला म्हटलं, माझं बी लई माफ केलंस की तू. दुसऱ्या महिन्याला गिळला."

मला तिच्याकडे बघवेना. पाळकसाहेबांशी न बोलताच मी घरी गेले.

रविवारी सकाळी कणीक मळून ठेवली आणि मन्मथच्या पंक्चरच्या दुकानात गेले. तो पाण्यात ट्यूब दाबून बसला होता. "माझं चुकलं रे," मी म्हणाले. "तुझं नाव मी सगळ्यांसमोर घ्यायला नको होतं."

त्याने मान वर केली नाही. "काकू, त्या दिवशी मी दारू सोडायची म्हणूनच आलो होतो," तो म्हणाला. आणि ट्यूब पुन्हा पाण्यात दाबली. मी परत आले आणि पोळ्या लाटल्या.

चर्चमध्ये मी कस्तुराबाईच्या बाकावर जाऊन बसले. ती सरकली. राग होताच, तिच्या बांगड्या वाजल्या तरी डोक्यात जात होता. ताट माझ्यापुढे आलं. मन्मथने मला माफ केलेलं नव्हतं, तरी ताट आलंच होतं. तुकडा घशाखाली उतरायला वेळ लागला. मग ते ताट मी माझ्या हाताने कस्तुराबाईपुढे धरलं.