घाटमाथ्यावर चाक फिरवलं तेव्हा

सायकलच्या कारखान्याच्या मालकाने आम्हा दोघा भावांना तोंडावर सांगितलं होतं: पुढच्या वर्षी एकालाच पगारावर ठेवणार. ही सायकल शर्यत जो आधी संपवेल, तो राहील. दुसऱ्याने मुकाट्याने वीटभट्टीवर जायचं.

घाटमाथ्यावर मी सगळ्यांच्या पुढे होतो. आमच्या सायकलींना मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना दातेरी चकत्या असत, चढाला मोठी आणि उताराला लहान. माथा आला की सायकल उताणी टाकायची आणि चाक काढून उलट बाजूने बसवायचं. बोटं गारठून गेली होती, आणि धुकं असं की हातातलं चाक दिसेना. कसंबसं ते बसवलं, सायकल उभी केली आणि उताराला लागलो.

तेवढ्यात खालून गौदेन्झिओ चढत आला. दुसऱ्या कारखान्याचा, एक नंबरचा लबाड.

"एवारिस्तो, उलटा चाललायस. मागे फीर."

"गेल्या वर्षी पण असंच फसवलं होतंस. जा बाबा, तूच जा."

पुढे गेलो खरा, पण डोकं चालेना. हा समोरून कसा आला? वाट चुकून पलीकडून चढला असेल का? की मीच माथ्यावर सायकल उलट्या तोंडाने उभी केली? उतार तर दोन्हीकडे सारखाच.

मग धुक्यातून माझा धाकटा भाऊ ओनोरिनो चढत आला. त्याला पाहून जिवात जीव आला.

"ओनो, बरोबर चाललोय ना रे मी?"

तो जरा घुटमळला. "हो दादा. जा तू."

मी जीव खाऊन सायकल हाणली. खाली पोचलो तर सकाळचीच खानावळ, जिथे मी कोंबडीचा रस्सा प्यायलो होतो. मालकीण दारात उभी.

"काय हो, काही विसरलात का?"

मला हसावं की रडावं कळेना.

आता मी भट्टीवर असतो. रविवारी ओनोरिनो घरी येतो, मक्याच्या पिठाचा पोलेंटा आधी माझ्या ताटात वाढतो. आई म्हणते, पोरगं धुक्यात गोंधळलं असेल, लहानपणापासून तुझंच खरं मानत आलंय. असेलही. मलाही तसंच वाटायला हवंय.

पण त्याला माझंच खरं वाटलं होतं, तर तो माझ्या मागे का आला नाही?