मागच्या बाजूचं वेल्ड

हिमानीनं ब्रॅकेटची मागची कड निवडली, जाडी सहा मिलिमीटर भरली आणि बटण दाबलं. पडद्यावर दोन पट्ट्यांच्या कोपऱ्यातून वेल्ड सरसर उमटत गेलं. माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक चढलेले थर, कडेला जळल्याचा निळसर डाग. ना ठिणगी, ना डोळ्यांची आग. खऱ्या ब्रॅकेटला त्या जागी सलग वेल्ड नव्हतं, अंतराअंतरावर ठिपक्यांसारखे नुसते टाके होते, आणि तेही आता तुटले होते.

परवा दुपारी त्या ब्रॅकेटवर टेकलेला, कापसाच्या जिनिंग गिरणीतला प्लॅटफॉर्म खाली आला. त्यावर कापूस लोटायला उभी असलेली पुष्पांजली दवाखान्यात पोचायच्या आधीच गेली.

वर्कशॉपचे मालक रमाकांतराव हिमानीच्या खुर्चीमागे उभे होते.

"उद्या चौकशीवाले येतीन. तारीख जुनीच राहू दे. चित्रात वेल्ड दिसलं म्हणजे झालं. मंग जानरावनं मारलं नाही, आपण काय करावं?"

"सर, मी त्यांना पाठवलेल्या चित्रात ते नव्हतं."

"हळू बोल. खाली कोपऱ्यात नाव कोनाचं आहे? तुहंच ना? पोलीस दारात आले तं घरी काय सांगशीन?"

एवढं बोलून ते आतल्या खोलीत गेले. दार मात्र त्यांनी उघडंच ठेवलं.

पूर्वी हिमानी रीतसर बाण आणि त्रिकोण काढून वेल्डच्या खुणा द्यायची. वर्कशॉपमध्ये त्या त्रिकोणांना कुत्रंही विचारत नसे. मग तिनं हुबेहूब वेल्ड काढायला सुरुवात केली आणि चित्रं थेट वेल्डर जानरावांच्या फोनवर धाडू लागली. नियमही तिचाच: चित्रात दिसेल तिथं पूर्ण वेल्ड, न दिसेल तिथं नुसते टाके. पत्रे तापून वाकायचे थांबले, वेल्डिंगच्या सळ्या वाचल्या, रमाकांतरावांनी पेढे वाटले. हिमानी मनातून चांगलीच फुशारली होती.

या ब्रॅकेटच्या कामात मात्र तेवढे खवले काढताना संगणक रडायला लागला. शेवटी घालू म्हणून तिनं मागच्या बाजूचं वेल्ड पुसून ठेवलं. गिऱ्हाईक घाईला आलं, चित्र तसंच गेलं. जानरावांनी नियम पाळला.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. आणि इथे चोर ती स्वतः होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

"ताई, येऊ काय?"

दारात जानराव उभे होते. दोन दिवसांत माणूस पार वाळल्यासारखा दिसत होता. त्यांनी फोन पुढे केला.

"पुन्हा भरला. नातीचे फोटो येऊनच नाही राह्यले. नेहमीसारखे कामाचे जुने खोडून द्या."

हे काम दर महिन्या-दोन महिन्यांनी हिमानीकडेच यायचं. तिनं फोन घेतला. फाटकाचं चित्र, टाकीच्या स्टँडचं चित्र, शाळेच्या जिन्याचं. एकेक खोडत ती खाली आली आणि थांबली. तोच ब्रॅकेट. पुढून चकचकीत वेल्ड, मागची कड कोरडी. खाली जानरावांचं उत्तर: हाव ताई.

तिनं चित्रावर बोट दाबून धरलं. खोडायचं का, फोननं विचारलं.

"हिमानी, झालं काय?" आतून रमाकांतरावांनी आवाज दिला.

"होतंय, सर."

जानराव स्टुलावर टेकले. हातांकडे पाहत हळूच म्हणाले, "ताई, डोळ्याले डोळा लागून नाही राह्यला. लई वर्षं झाली हे काम करून. टाके माह्येच कच्चे राह्यले असतीन काय?"

हिमानीचं बोट अजून काचेवरच होतं. मग तिनं 'नाही'वर दाबलं, बाकीची चित्रं भराभर खोडली आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"एक ठेवलं आहे, काका. उद्या चौकशीवाल्यांले दाखवा. तोवर कोणालेही खोडू देऊ नका."

"तुमाले बी?"

"मले तं मुळीच नाही."

जानरावांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि चित्र डोळ्यांजवळ नेलं. हिमानीनं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांची नजर फोनवरून पडद्यावर गेली, पडद्यावरच्या ताज्या वेल्डवर जरा रेंगाळली आणि परत फोनवर आली. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. फोन त्यांनी खिशात ठेवला आणि वरून हात दाबून धरला.

"म्हंजे," ते म्हणाले, "टाके माह्ये कच्चे नव्हते."