आषाढातल्या लग्नाचा फोटो

जानरावाने लग्नाची तारीख मोडली त्या दिवसापासून इंदूबाई त्याच्याशी धड बोलली नव्हती.

त्यांच्या पोरीचं, शेवंताचं लग्न वैशाखात धरलं होतं. पोरगा अकोल्याचा, धर्मपाल नावाचा, टपाल कचेरीत लागलेला. सगळं जमून आलं होतं. आणि एका सकाळी पाटलांच्या महादेवरावाने चावडीपुढे भरल्या माणसांत जानरावाला हटकलं, "का गा जानराव, तुमी देव सोडले, बामण सोडला. मंग लगन वैशाखातच काहून? पंचांग त नाई सुटलं तुमचं!"

माणसं हसली. जानराव घरी न येता तडक अकोल्याला गेला आणि दुसरी तारीख घेऊनच परतला. आषाढी झाल्यावरचा रविवार. देव झोपले की गावात कोणी लग्न काढत नसे, म्हणून नेमका तोच.

"अन् पाऊस?" इंदूबाईने विचारलं.

"पावसाले काय भेतं तू? आपण पंचांग पाळत नाई, हे दिसलं पाह्यजे लोकायले."

"लोकायले नाई, त्या माहादेवरावले. त्यानं तोंड उघडलं अन् तुमी पोरीचं लगन उचलून चिखलात नेऊन ठेवलं. पयले बामण तारीख काढे, आता पाटील काढून राह्यला. काय सुटलं मंग आपलं?"

जानराव मोठ्याने ओरडला. तिनेही आवाज चढवला. बुद्धाची दीक्षा घेताना दोघं एकाच ओळीत उभे राहिले होते आणि त्याबद्दल तिच्या मनात तीळभर किंतू नव्हता. तिचा राग वेगळा होता. नवरा शहाणा असून एका टोमण्याने पेटतो, आणि जळतं ते तिच्या पोरीचं.

त्यातच अंजनगाव सुर्जीहून तिचा भाऊ नत्थुजी आला. त्याने दीक्षा घेतली नव्हती, तो जुन्या वाटेवरच राहिला होता. ओसरीत बसून त्याने चहाला हातही लावला नाही.

"आषाढात लगन? ना मुहूर्त, ना अक्षदा. मी येणार नाई इंदे. मामा म्हणून पोरीच्या मागं उभा राह्यणार नाई. ह्याले मी लगनच मानत नाई."

शेवंता दाराआड उभी होती. तिने ऐकलं. मामाच्या खांद्यावर बसून कौंडण्यपूरची जत्रा पाहिलेली पोर ती. इंदूबाईच्या डोक्यात सणक गेली.

"नको येऊ. बोलावून कोण राह्यलं तुले? फोटो पाठवीन मी. भितीले लाव अन् रोज पाह्य. मंग सांगजो लगन झालं का नाई."

भाऊ छत्री उचलून निघून गेला. बोललेला शब्द मात्र घरातच राहिला. तोवर फोटोची हौस एकट्या जानरावाची होती, आता फोटो इंदूबाईचा झाला. जन्मात ती कधी कॅमेऱ्यापुढे उभी राहिली नव्हती. पण तो कागद अंजनगावला गेलाच पाहिजे, नाहीतर नत्थुजी जिंकला.

ती जानरावाबरोबर अमरावतीला गेली. जवाहर गेटच्या आत गोवर्धन फोटोवाल्याचं दुकान होतं. त्याने तारीख ऐकून भुवया वर केल्या.

"येतो. लग्नसराई संपली आहे, रिकामाच बसलोय. पण पावसाची सोय चोख ठेवा. माझ्या कॅमेऱ्यावर एक थेंब पडला, तर मी पेटी बंद करून परत जाईन."

"एक थेंब पडणार नाई," इंदूबाई म्हणाली.

आणि मृग लागल्यापासून ती पावसाशी भांडायलाच उभी राहिली. अंगणात मुरूम टाकून तो चोपला. चहूबाजूंनी नाली खोदली. गोवऱ्या माळ्यावर चढवल्या, दळण आधीच आणून डब्यांत भरलं. कापसाच्या जिनात ती कामाला होती, तिथल्या मुकादमाच्या मागे लागून गोदामावरची जुनी पत्र्याची टिनं मागून आणली. मांडवावर टिनं, टिनांवर धोंडे. पावसाची झड आडवी मारते, म्हणून तिन्ही बाजूंना तुराट्यांचे तट्टे बांधून वर शेण लिंपलं. पुढे दारापुरती जागा ठेवली, तिथेही टिन खाली उतरवलं. जानराव बिडी ओढत बघत राहिला. "मांडो हाय का कोठार?" एवढंच म्हणाला. ती उत्तर द्यायला थांबली नाही.

रविवारी पहाटेपासून झड लागली. काळ्या मातीत गाड्यांची चाकं आसापर्यंत रुतली. अकोल्याचं वऱ्हाड जोडे हातात घेऊन चिखल तुडवत आलं. पण मांडवात शिरल्यावर जो तो वर बघून म्हणाला, "वा! इथं त कोरडं ठक्क हाय." इंदूबाईला कित्येक दिवसांनी बरं वाटलं.

बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लावल्या. अंधारात त्या फार देखण्या दिसत होत्या. समाजातल्या एका शिकलेल्या माणसाने त्रिशरण, पंचशील म्हटलं, मागून सगळ्यांनी म्हटलं. पांढऱ्या पातळातल्या शेवंताने धर्मपालाच्या गळ्यात हार घातला, त्याने तिच्या. लग्न लागलं.

गोवर्धनाने तिपाई उभी केली, पेटीवर काळं कापड टाकलं, त्यात डोकं घातलं. बराच वेळ ते बाहेर आलं नाही. आलं तेव्हा तो म्हणाला, "बाई, इथं फोटो निघणार नाही."

"काहून?"

"काहीच दिसत नाही. हा मांडव आहे की भुयार? फोटोला उजेड लागतो."

"मेणबत्त्या हायत की."

"मेणबत्त्यांचा फोटो निघेल. माणसांचा नाही."

मग जानराव फुटला, "म्हणत होतो मी! कोठार म्हणत होतो! आयकते कोणाचं? लेप काय दिला, टिनं काय टाकली. घे आता!"

इंदूबाई त्याच्याकडे वळलीच नाही. ती गोवर्धनापुढे जाऊन उभी राहिली. "पावसाची सोय चोख पाह्यजे, हे कोण बोललं होतं? तवा उजेडाचं काहून नाई सांगतलं?"

"मला काय माहीत, तुम्ही असं बुजवून टाकाल?"

"अन् मले काय मालूम, तुमच्या पेटीच्या पोटात काय असते?"

ती मागच्या दाराने घरात गेली आणि विळा घेऊन परतली. गोवर्धन दोन पावलं मागे सरकला. पण ती त्याच्याजवळून मांडवाच्या तोंडाशी गेली आणि तिथली दोरी सपासप कापू लागली.

"काय करतं व तू?" जानराव धावला. "लगनघरी मांडो मोडते का कोणी? बाहेर लोकं पाहून राह्यले!"

खरंच पाहत होते. रस्त्यावर छत्री धरून महादेवराव उभा होता, सोबत चार जण.

"जानराव," त्याने हाक मारली, "मांडो उडाला काय गा? आषाढ हाय बाप्पा, वैशाख नोहे!"

जानरावाची मान खाली गेली. इंदूबाई विळ्यासकट वळली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, तो तिने सावरला नाही.

"पाह्याचं असन त आत येऊन जेवा पाटील, नाई त वाट धरा. भिजन त माही पोरगी भिजन. तुमच्या छत्रीले काहून दुखते?"

छत्री जागच्या जागी थोडी हलली. इंदूबाई नवऱ्याला म्हणाली, "अन् तुमी, उभे काय राह्यले? टिन धरा. इतके दिवस त्याच्यासाठी नाचले, आता एक डाव आपल्या पोरीसाठी हात लावा."

जानरावाने ओठ आवळले. मग धोंडे ढकलले, टिनाला खांदा लावला. धर्मपाल हार गळ्यात तसाच ठेवून दुसऱ्या बाजूला गेला. एकामागून एक पुढची टिनं उतरली आणि आषाढाचा राखी उजेड पावसासकट मांडवात कोसळला.

"कॅमेरा मागं, टिनाखाली ठेवा," इंदूबाई म्हणाली. "तुमच्या पेटीवर थेंब नाई पडत. आमी बसतो पावसात."

अकोल्याच्या बाया कुजबुजल्या. नवं पातळ, नवं धोतर. धर्मपालाची आत्या म्हणाली, "झड उघडू द्या न व बाई."

"चार दिवस नाई उघडली त चार दिवस बसान काय?"

शेवंता उठली. "मी भिजतो माय," म्हणाली आणि पाट उचलून उघड्यावर जाऊन बसली. धर्मपाल तिच्या शेजारी बसला. मग बाकीचे आले, पोरंसोरं आली, आत्याही आली. कुंकू नव्हतं, पाणी तेवढं कपाळांवरून वाहत होतं.

गोवर्धनाने पुन्हा कापडात डोकं घातलं आणि हाताने खुणा करू लागला. तुम्ही इकडे, तुम्ही खाली. मग आतूनच सवयीने ओरडला, "मुलीचे मामा कुठं आहेत? मुलीच्या मागे मामा उभे करा."

शेवंताने मान खाली घातली. जानराव जागेवरून हलणार, तेवढ्यात इंदूबाई त्याला बाजूला सारून पोरीच्या मागे जाऊन उभी राहिली. दोन्ही हात तिने शेवंताच्या ओल्या खांद्यांवर ठेवले.

"मान वर घे," ती म्हणाली. शेवंताने घेतली.

गोवर्धन कापडातून बाहेर आला. भिंगावरच्या झाकणाला हात लावून थांबला. "बाई, चेहरा जरा मोकळा करा. लग्नाचा फोटो आहे. सगळे तुमच्याकडेच पाहतील."

"मले मालूम हाय कोण पाह्यणार हाय."

"रागावल्यासारख्या दिसता."

"रागावलीच हाय मी. त्याले थे बी दिसू द्या. तुमी काढा."

"मग हलू नका. डोळे मिटू नका."

त्याने झाकण काढलं. पाणी पापण्यांवरून तिच्या डोळ्यांत उतरत होतं, झोंबत होतं. पोरीच्या खांद्यांवरचे हात तिने घट्ट केले आणि समोरच्या काळ्या भोकात अशी रोखून बघत राहिली, जणू नत्थुजी त्याच्या पलीकडेच बसला होता.